दोन घरांच्या आत

"सुईकडं बघा, माझ्याकडं नको," क्रँकवाले मामा म्हणतात.

दोन सेंटरांमध्ये धरलेला क्रँक ते डाव्या हाताच्या दोन बोटांनी सावकाश फिरवतायत. त्याच्या दांड्यावर डायल गेजचं टोक टेकलेलं आहे. तबकडीवरचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. सुई निघते, सात घरं चालते, थांबते आणि उलटी फिरून जागेवर येते. मामा क्रँक थांबवतात, वरच्या अंगाला खडूची रेघ ओढतात, सेंटरं सैल करतात आणि क्रँक हातात घेऊन तांब्याच्या हातोड्यानं बरोबर त्या रेघेवर एक ठोका घालतात. एकच. परत सेंटरं, परत सुई. आता पाच घरं.

"कितीवर सोडायचं?" ज्यांच्या गाडीचा हा क्रँक ते साहेब विचारतात.

"दोनाच्या आत. चारावर बी सोडणारे हाईत. गाडी चालती की. पर म्होरं मालक येऊन म्हणतोय, मामा, साठाला हँडल थरथरतंय. मग त्याला काय सांगायचं?"

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात एका शेडमध्ये आम्ही उभे आहोत. बसायला जागा नाही. एका भिंतीला लेथ, दुसरीला बोअरिंग मशीन, कोपऱ्यात हायड्रॉलिक प्रेस, आणि उरलेल्या जमिनीवर पंपांची अंगं, ऑइल इंजिनांचे हेड, कुठल्याशा गुऱ्हाळाच्या चरकाचे गिअर. बाहेर रस्त्यावर टेम्पोतून बिडाचं ओतीव सामान उतरतंय. या पेठेनं शेतकऱ्याचं पाण्याचं इंजिन ते साखर कारखान्याचा शाफ्ट असं काहीही फिरवून, कापून, ठोकून दिलेलं आहे. त्या गर्दीत मोटारसायकलचा क्रँक म्हणजे किरकोळ काम. किरकोळ, पण वेळखाऊ. मामांनी त्यासाठी सकाळपासून दुसरं काही हातात घेतलेलं नाही.

क्रँक १९६९ सालच्या जावाचा आहे. अडीचशे सीसी, म्हैसूरला बनलेली. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी तिथं काढलेल्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या बाहेर पडू लागल्या, चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर. पुढं सत्तरच्या दशकात टाकीवरचं नाव बदलून येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखानाच बंद पडला. म्हणजे या गाडीला कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, कंपनीचा पार्ट नाही, तक्रार करायला कंपनीच नाही. तिला आहे ते उद्यमनगर.

या क्रँकला नट-बोल्ट नाहीत. दोन जड लोखंडी चकत्या, त्यांच्यामध्ये एक पिन, पिनेवर रोलर बेअरिंग आणि त्यावर कनेक्टिंग रॉड. सगळं निव्वळ दाबानं बसवलेलं. बेअरिंग गेलं की प्रेसखाली पिन दाबून काढायची आणि नवा किट दाबून बसवायचा. इथवर कुणीही करू शकतं. पण पिन आत जाताना दोन्ही चकत्या एकमेकींच्या बरोबर समोर राहत नाहीत, केसभर सरकतात, आणि ते केसभर सरकलेलं ठोकून जागेवर आणणं हे मामांचं काम. कुठं ठोकायचं ते सुई सांगते. किती जोरात, ते सुई सांगत नाही.

एवढा जीव का काढायचा, हे टू-स्ट्रोकच्या पोटात बघितल्याशिवाय कळत नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक तेलात डुंबत असतो आणि पेट्रोलचा त्याच्याशी संबंध नसतो. इथं पिस्टनखालची तीच बंद खोली पेट्रोल आणि हवा आत ओढते, दाबते आणि वर पाठवते. ती खोली हवाबंद राहते ती क्रँकच्या दोन बाजूंच्या रबरी ऑइल सीलांमुळं. दांडा डगडगला की सील खाल्लं जातं. एका बाजूनं बाहेरची हवा आत शिरली तर मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि भर रस्त्यात चिकटतो. दुसऱ्या बाजूनं गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं गेलं तर मागं पांढऱ्या धुराचा लोट. मालक कार्बोरेटर बदलतो, प्लग बदलतो, पेट्रोल पंपाला शिव्या देतो. दोष असतो तो या पाच घरांत.

तिसरा ठोका. साडेतीन. चौथ्याला सुई उलट्या बाजूला जाते. मामा स्वतःशीच काहीतरी पुटपुटतात आणि क्रँक कपड्यावर ठेवून चहा सांगतात.

"हे शिकाय कोण येतं का मामा?"

"येतंय की. चार दिस येतंय. मग शिरोलीला नायतर गोकुळ शिरगावला सीएनसीवर जातंय." त्यांच्या बोलण्यात तक्रार नाही. "तिथं एसी असतोय. महिन्याला पगार. मी बी गेलो असतो."

जुन्या गाड्यांची हौस वाढली आहे, हे खरं. कुणाच्या ना कुणाच्या लग्नात नवरदेव जावावरून येतो, जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवसाला गावोगावच्या गाड्या रांगेनं बाहेर पडतात, फोटोंत क्रोम लखलखतं. श्रेय मालकाच्या प्रेमाला जातं. प्रेम असतंच, मी नाकारत नाही. पण मालक पैसे देतो आणि वाट बघतो. गाडी उभी राहते ती या शेडपासून पलीकडच्या गल्लीपर्यंत विखुरलेल्या पाच-सहा जोडी हातांवर, आणि त्यातला प्रत्येक हात साठीच्या अलीकडं-पलीकडं आलेला आहे. पार्ट आज ना उद्या कुणीतरी कुठंतरी बनवेल. चौथा ठोका कुठं नि केवढा घालायचा, हे पार्सलनं येत नाही.

चहानंतर दोन ठोके. सुई दीड घर चालते आणि परत येते. मामा क्रँक आणखी एकदा पूर्ण फिरवून बघतात, मग दुसऱ्या बाजूच्या दांड्यावर गेज लावतात. तिथं दोनला जरा कमी. "न्या," म्हणतात.

*

साहेब इचलकरंजीला एका बँकेत आहेत. त्यांच्या घरात कधी जावा नव्हती. आजोबांची आठवण, वडिलांची सही असलेलं किल्लीचं पाकीट, असलं काही नाही. वडील सायकलनं सूतगिरणीत जायचे. लहानपणी गल्लीच्या तोंडाशी एकाची जावा लागायची आणि ती आपल्याला हवी होती, एवढंच ते सांगतात. मला हे आवडतं. वस्तू हवी असायला वारसा कशाला लागतो?

गाडी त्यांना जयसिंगपूरकडच्या एका भंगारवाल्याकडं मिळाली. चाकं नव्हती, इंजिनवर शेण वाळलेलं, सीटच्या जागी पोतं. ती उभी करायला घेणाऱ्या मेस्तरींनी तिच्याभोवती एक फेरीही मारली नाही. पहिला प्रश्न टाकला, "बुक हाय का?" आरसी बुक होतं, गिळगिळीत प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी पडून चार तुकडे झालेलं. मेस्तरींनी खिशातून शिसपेन्सिल काढली, फ्रेमवरच्या आणि इंजिनवरच्या नंबरावर कागद धरून घासली आणि दोन्ही छाप बुकाशी ताडून बघितले. आकडे जुळले तेव्हा कुठं ते खाली वाकून गाडी बघायला लागले. जुनी गाडी घेणाऱ्यानं एवढं एक शिकून घ्यावं. सिलिंडर नवा करता येतो, टाकी बनवून घेता येते, पण फ्रेमवरचा नंबर घासलेला असेल तर ती गाडी आयुष्यभर झाकून ठेवायची वस्तू होते.

पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांना केंद्रानं २०२१ मध्ये 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. नव्यानं नोंद करायची तर २० हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. या जावाचं वय त्यात बसतं. साहेबांनी चौकशी केली आणि सोडून दिली, कारण अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला नि दुरुस्तीला बाहेर काढता येते, रोज वापरता येत नाही. "मला दूध आणायला जायचंय," ते म्हणतात. त्यांनी नेहमीचीच फेरनोंदणी केली आहे, पाच वर्षांसाठी. पाटीवर पूर्वीचीच तीन अक्षरं नि चार आकडे.

दूध तर या गाडीनं पूर्वीही आणलेलं आहे.

मेस्तरींच्या गॅरेजमध्ये फ्रेम उलटी टांगलेली आहे, रंग पूर्ण काढलेला. मागच्या नळ्यांवर दोन्ही बाजूंनी वितभर लांबीच्या लोखंडी पट्ट्या वेल्ड केलेल्या दिसतात. वेल्डिंग ओबडधोबड आहे, मण्यांची माळ नाही, ठिबकलेले गोळे. दुधाच्या कॅनचं ओझं पेलायला कुठल्याशा गावातल्या वेल्डरनं मारलेल्या पट्ट्या. साहेबांना त्या नको आहेत. म्हैसूरहून गाडी निघाली तेव्हा त्या नव्हत्या, तेव्हा त्या गेल्या पाहिजेत. जज येऊन बघतात तेव्हा मार्क कापतात, असं ते म्हणतात.

"कुठला जज?" मेस्तरी विचारतात.

"रॅलीत असतात."

"रॅलीला जाणार हाईसा का दुधाला?"

साहेब हसतात, पण ऐकत नाहीत. मेस्तरी मग ग्राइंडर उचलतात, लावत नाहीत. पेचकसाच्या मुठीनं पट्टीच्या शेजारी नळीवर टकटक करतात. आवाज पोकळ, पातळ. दोन बोटं खाली सरकून पुन्हा टकटक, तिथं भरीव. "हितं आतनं गंजलीया. पट्टी हाय म्हनून उभी हाय. काढली तर नळी कापून नवा तुकडा घालाय लागंल. मग ती बी म्हैसूरची न्हाई."

या वादाला मी साक्षीदार आहे आणि मी मेस्तरींच्या बाजूचा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसापर्यंत मागं न्यायची, मधली पन्नास वर्षं खरवडून टाकायची, या हौसेत मला नेहमीच थोडा उर्मटपणा दिसतो. साहेबांचंही म्हणणं पोकळ नाही. वाट्टेल त्या जोडकामाला इतिहास म्हणायचं ठरवलं तर प्लॅस्टिकचे मडगार्डही ठेवावे लागतील. शेवटी नळीची जाडी निकाल देते. पट्ट्या राहतात. वरून रंग बसेल, पण हाताला लागतील.

बाकीची कामं भरभर होतात. पंधरवड्यात मी दोनदा येऊन जातो आणि दर वेळी गाडीचे तुकडे वेगळ्या गल्लीत असतात. सिलिंडर पूर्वीच्या मालकांनी चार वेळा बोअर केलेला निघतो. मूळचा ६५ मिमी, पाव-पाव मिलिमीटरनं वाढत ६६ वर पोचलेला. बोअरिंगवाला मान हलवतो, इथून पुढं भिंतच उरत नाही. म्हणून नवी स्लीव्ह. टू-स्ट्रोकची स्लीव्ह म्हणजे नुसती नळी ठोकून भागत नाही. पेट्रोल आत यायची, वर जायची आणि धूर बाहेर टाकायची सगळी दारं तिच्यात कापून मूळ दारांशी जुळवावी लागतात. या जावाला सिलिंडर एक आणि धुराची दारं दोन, म्हणून सायलेन्सरही दोन. कापून झाल्यावर बोअरिंगवाला प्रत्येक दाराची कड बारीक कानशीनं मोडतो. कड तशीच धारदार ठेवली तर पिस्टनची रिंग त्यात अडकून तुटते, पहिल्याच दिवशी.

चाकांचं काम करणारा वयानं सगळ्यात मोठा आणि बोलण्यात सगळ्यात कंजूस. सोळा इंची रिंग, छत्तीस तारा. मांडीत हब घेऊन तो तारा ओवतो, एकीवरून दुसरी, दुसरीखालून तिसरी, नजर रस्त्यावर. मग रिंग स्टँडवर फिरवून आउट काढतो. काही विचारलं तर "हं".

क्रोमला मात्र कोल्हापुरात न देता बाहेर पाठवावं लागतं. घासणं, पॉलिश, तांबं, निकेल आणि शेवटी क्रोमचा पातळ थर, अशा पायऱ्या असतात. त्यातलं पाणी विषारी असतं आणि प्रदूषणाचे नियम पाळणं लहान दुकानाला परवडत नाही. नियम बरोबरच आहेत. पण त्यामुळं टाकी परत यायला फार वेळ लागतो आणि तेवढा काळ गॅरेजमध्ये फक्त टाकीचीच चर्चा चालते.

येते तेव्हा तिच्या दोन्ही कुशींना क्रोम असतं, वरचा भाग उघडा. रंगाऱ्यानं मरून रंग आधीच घोटून ठेवलेला आहे. रंग बसतो, वाळतो, मग सोनेरी लाइनिंग. पेंटर स्टिकर वापरत नाही. लांब केसांचा, शेंड्याला निमुळता ब्रश, करंगळी टाकीवर टेकवलेली, आणि क्रोम नि मरून यांच्या सीमेवरून एका दमात ओढलेली रेघ. वळणावर ती किंचित जाड होते. साहेब झुकून बघतात. काही बोलत नाहीत, जज आठवला असावा. मग म्हणतात, "राहू दे. छान आहे."

*

डिसेंबर. सकाळी दारात थंडी आहे आणि गॅरेजसमोर दोन जावा शेजारी उभ्या आहेत. एक हीच. दुसरी साहेबांची रोजची, नवी. बंद पडलेलं नाव २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आलं, त्या पहिल्या खेपेतली. मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला बनलेली, २९३ सीसी, चार स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारी. तिलाही एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, निव्वळ जुनीची आठवण म्हणून. मेस्तरी तिला नावं ठेवतील अशी माझी अपेक्षा होती. ते तिचं बटण दाबतात, ती लगेच चालू होते, ते बंद करतात. "हिला रात्री दोनला बी उठवा. हीच तर पायजे माणसाला. हिच्यात माझं काम न्हाई, एवढंच." इंजेक्शनची गाडी बिघडली तर कॉम्प्युटर लावावा लागतो आणि त्यांच्याकडं कॉम्प्युटर नाही. त्यांच्या स्वरात मत्सर शोधूनही सापडत नाही.

जुनीची किल्ली म्हणजे खिळा. दात नाहीत, खाचा नाहीत. भोकात दाबला की वीज सुरू. गॅरेजमधलं पोरगं, एकोणीस-वीस वर्षांचं, नुकतंच कामाला लागलेलं, गाडीभोवती फिरून किक शोधतंय. उजवीकडं ब्रेक. डावीकडं गिअर. किक नाही.

"मेस्तरी, किक बसवायची ऱ्हायली."

मेस्तरी ऐकून न ऐकल्यासारखं करतात. पोरगं पुन्हा एक फेरी मारतं. मग मेस्तरी पायानं गिअरची दांडी आत दाबतात आणि वर फिरवतात. दांडी उभी राहते. तीच किक. पोराच्या तोंडून निघालेला शब्द इथं लिहिण्याजोगा नाही. याच दांडीला आणखी एक करामत आहे, गिअर टाकताना ती आतल्या आत क्लचही उचलते, हातानं क्लच दाबला नाही तरी गिअर पडतो. म्हैसूरहून या गाड्या निघत होत्या तेव्हा रस्त्यावरच्या किती जणांनी ही सोय वापरली कुणास ठाऊक. ज्यांनी वापरली ते अजून सांगत बसतात.

पेट्रोल मापानं घेतलेलं आहे. वीस लिटरला एक लिटर टू-टी ऑइल, कारण इंजिन नवं आहे आणि त्याला सुरुवातीला तेल जास्त लागतं. मेस्तरी नळ उघडतात, कार्बोरेटरच्या डोक्यावरची पिन बोटानं दाबून धरतात. पेट्रोल झिरपून बोटावर येतं. किक. काही नाही. किक. काही नाही. पाचव्या किकेला मागून एक फुसकारा.

साहेबांनी हात मागं बांधलेत. मोबाइल काढून रेकॉर्डिंग लावलेला त्यांचा मित्र तो खाली करतो, परत वर धरतो.

प्लग बाहेर येतो, सिलिंडरला टेकवला जातो, पोरगं हातानंच किकची दांडी फिरवतं. ठिणगी पडते, पण पिवळी, अशक्त. मेस्तरी उजवीकडचं झाकण काढून उकिडवे बसतात. पॉइंटच्या दोन टिकल्यांमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद सरकवतात, क्रँक हळूच फिरवतात, कागद सुटतो ती जागा बघतात. टायमिंग बरोबर आहे. मग न बोलता नवा कंडेन्सर काढून टाकतात आणि एका डब्यातून जुना शोधून लावतात. सहा व्होल्टच्या यंत्रणेत गमावायला फारशी वीज नसते. कंडेन्सर जरा मेंगळट निघाला की ठिणगी मरते. "नवं म्हंजे चांगलं असं काय नसतंय," मेस्तरी म्हणतात आणि पुढं, नव्या जावाकडं बघून, "तसं जुनं बी."

आता ठिणगी निळी.

दुसऱ्या किकेला इंजिन धरतं. शेड पांढऱ्या धुरानं भरून जातं, कारण जोडताना आत लावलेलं सगळं तेल एकदमच जळतंय. पोरगं खोकत दार ढकलतं. धूर विरळ होतो आणि आवाज ऐकू येऊ लागतो. दोन्ही सायलेन्सरांतून, खालच्या पट्टीत. एकसारखा नाही, दोन ठोके, मग एक चुकवलेला, मग सलग तीन, मग परत एक चुकवलेला. चार स्ट्रोकला हे रोगाचं लक्षण. टू-स्ट्रोक निवांत फिरताना असंच बोलतो. शेजारच्या लेथवरचा माणूस मशीन बंद करून बाहेर येतो. पलीकडचा वेल्डर काच वर करतो. मामाही आले आहेत. ते सायलेन्सरकडं जात नाहीत, मोबाइलवाल्याकडं तर नाहीच. हाताची पालथी बोटं क्रँककेसच्या डाव्या अंगाला टेकवून उभे राहतात, मग उजव्या. मेस्तरी इंजिन वर नेतात, खाली आणतात, मामांची बोटं तिथंच. मग मामा हात पुसतात आणि आपल्या शेडकडं चालू लागतात. साहेब मागून धावत जाऊन त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा देतात. मामा तो घेतात, "लई फिरवू नका आज," एवढं सांगतात.

*

शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागतात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन, आणि ट्रॅक्टरवर गाणी. पुढं मेस्तरी जावावर, मागं साहेब नव्या जावावर आणि त्यांच्या मागं मी. पहिली फेरी मालकाला द्यायची नाही, हा मेस्तरींचा नियम आहे. मालक उत्साहात पीळ मारतो आणि पिस्टन बसतो.

आम्ही चाळिशीच्या आत चाललो आहोत. उजव्या हाताला कुठंतरी गुऱ्हाळ लागलेलं आहे, काकवीचा वास येतो, आणि त्यात पुढच्या गाडीचा टू-टीचा वास मिसळतो. केर्ली येते. इथून जोतिबाचा फाटा. समोरच्या गाडीचा धूर आता निळसर आणि अगदी बारीक राहिला आहे. मागून येणारे मोटारसायकलवाले वेग कमी करतात, शेजारून चालतात, मान वळवून बघतात, अंगठा दाखवून पुढं निघून जातात. एका कारच्या काचेतून अख्खं कुटुंब बघतं. साहेब हेल्मेटमधून ओरडून मला काहीतरी सांगतात, मला ऐकू येत नाही, पण ते हसतायत हे पाठीवरूनही कळतं.

चढ सुरू झाल्यावर मेस्तरी आधीच गिअर खाली घेतात. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत चढवायचं नाही. वाघबीळला चहाच्या टपरीशी ते गाडी बाजूला घेतात, इंजिन बंद करतात आणि लगेच प्लग पान्ह्यानं खोलतात. टोक तपकिरी आहे, कोरडं. पांढरं असतं तर हवा जास्त, काळं चिकट असतं तर तेल-पेट्रोल जास्त. ते प्लग साहेबांच्या तळहातावर ठेवतात. साहेब गरम लागतोय तरी धरून ठेवतात.

"आता जाताना तुम्ही. उताराला एक ध्यानात ठेवा. थ्रॉटल बंद करून गिअरवर रेटत न्यायची न्हाई. पेट्रोल बंद म्हंजे ऑइल बी बंद. मधनं मधनं जरा उघडायचा, सोडायचा. पाचशे किलोमीटर झालं की या, हेडचे नट आवळाय."

साहेब मान डोलवतात. चहा येतो. ते खोगिरावर बसून, पाय जमिनीला टेकवून चहा पितात. सोळा इंची चाकांमुळं गाडी ठेंगणी आहे, दोन्ही टाचा आरामात टेकतात.

दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली एक गाडी चढ उतरून येते आणि थांबते. कॅन रिकामे आहेत, वाजतात. पन्नाशीचा माणूस, डोक्याला मफलर. तो टाकीकडं बघत नाही. मागं येतो, वाकतो, आणि सीटखालच्या नळीवरून बोटं फिरवतो. रंगाखाली पट्टी हाताला लागते.

"दुधाची हाय," तो म्हणतो.

"होती," साहेब म्हणतात.

"चाळीस-चाळीस लिटरचं दोन लटकवायचो आमी. मागची नळी वाकायची. मग असलीच पट्टी मारायची." तो उठतो, सायलेन्सर बघतो, दुसरा सायलेन्सर बघतो. "आमच्या गोठ्यात एक उभी हाय. येझदी. रोडकिंग. थोरल्या भावानं ठेवलीया, कुणाला हात लावू देत न्हाई. आता त्यो बी म्हनतोय, काढून टाक."

साहेबांचा चहाचा कप ओठांपाशी थांबतो. "किती लांब आहे इथून?"

"दोन मैल. वर."

साहेब मेस्तरींकडं बघतात. मेस्तरी प्लग परत बसवतायत. ते मान वर करत नाहीत.

"बुक हाय का?"

"बुक..." दूधवाला मफलर सारखा करतो. "असंल की. ट्रंकत बघाय लागंल."

"मग आधी ट्रंक बघा," मेस्तरी म्हणतात आणि वरच्या खिशातली शिसपेन्सिल काढून त्याच्या हातात देतात. "आनि चॅसी नंबरचा छाप काढून आणा. कागद नंबरावर धरायचा, आडवी घासायची. न्हाईतर ह्यो मानूस आत्ताच तुमच्या मागनं येतोय."